वाहन-नोंदणी आणि आर्थिक स्थिती : खानदेशाच्या संदर्भात एका निर्देशकाची चिकित्सा

देशाच्या आर्थिक प्रकृतीविषयी अनुमान करण्यासाठी जी मापे आज सर्रास वापरली जातात, त्यांत नव्या वाहनांच्या नोंदणीचे माप विशेष लोकप्रिय आहे. त्याचे कारण उघड आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचा त्रैमासिक अंदाज तिमाही संपल्यावर सुमारे दोन महिन्यांनी हाती येतो, आणि जिल्ह्याच्या उत्पन्नाचा अंदाज तर त्याहून कितीतरी उशिरा. उलट केंद्र शासनाच्या ‘वाहन’ या संगणकीय नोंदवहीतून एकेका परिवहन कार्यालयातील नोंदणीचे आकडे जवळजवळ त्याच दिवशी कोणासही पाहावयास मिळतात. वाहन-विक्रेत्यांचा महासंघ, म्हणजे ‘फाडा’, त्यांवरून दरमहा पत्रक काढतो. रिझर्व्ह बँकेच्या मासिक पत्रिकेतही दुचाकी आणि ट्रॅक्टर यांची विक्री ग्रामीण मागणीचे लक्षण म्हणून मांडलेली आढळते. आपल्याकडील पदव्युत्तर प्रबंधिकांत एमएच १८ म्हणजे धुळे आणि एमएच १९ म्हणजे जळगाव या मालिकांचे आकडे जिल्ह्याच्या उत्पन्नाऐवजी योजण्याचा मोह त्यामुळेच बळावत चालला आहे.

हा प्रश्न केवळ संख्याशास्त्रीय काटेकोरपणाचा असता तर त्यावर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु या आकड्याच्या आधारे माणसांविषयी निर्णय दिले जातात. कर्जमाफी, पीकविमा किंवा दुष्काळी साहाय्य यांची चर्चा निघाली की, ‘दारोदार मोटारसायकली उभ्या आहेत, मग शेतकरी अडचणीत कसा?’ हा प्रश्न हटकून विचारला जातो. नोंदणीचा आलेख दाखविणारा अभ्यासक हाच प्रश्न सुसंस्कृत भाषेत विचारीत असतो, इतकेच. म्हणून हा आकडा नेमके काय मोजतो, हे एकदा तपासून घेतले पाहिजे. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : नोंदणीच्या आकड्यात ज्या वाहनांचा भरणा अधिक, ती वाहने उत्पन्नापेक्षा कर्ज आणि पंचांग यांची साक्ष देतात. आणि ज्या वाहनांचा प्रत्यक्ष अर्थव्यवहाराशी निकटचा संबंध, त्यांपैकी पुष्कळशी खानदेशात नोंदलीच जात नाहीत.

प्रथम कायद्याकडे पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये नोंदणी ही मालकाने पार पाडावयाची एक कृती आहे. कलम ४० मूळ स्वरूपात असे सांगत होते की, मालकाचा निवास किंवा व्यवसाय ज्या कार्यालयाच्या हद्दीत आहे आणि वाहन जेथे सामान्यतः ठेवले जाते, तेथे नोंदणी करावी. २०१९ च्या दुरुस्तीने ही अट सैल झाली आणि राज्यातील कोणत्याही नोंदणी-प्राधिकाऱ्याकडे जाण्याची मुभा मिळाली. याचा अर्थ, धुळ्याच्या रहिवाशाने नाशिकला गाडी घेऊन तिथलेच पासिंग करून आणले तर त्यात गैर काही नाही. मात्र धुळ्याच्या क्रयशक्तीचा तो अंश नाशिकच्या खात्यावर जमा होतो. हद्दींचाही प्रश्न आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला आणि पुढे त्यास एमएच ३९ ही स्वतंत्र मालिका मिळाली. अलीकडे चाळीसगावासही स्वतंत्र उपप्रादेशिक कार्यालय लाभले. अशा प्रत्येक वेळी जुन्या कार्यालयाचा आकडा घटतो आणि त्या घटीचा शेतीशी वा व्यापाराशी कसलाही संबंध नसतो. दीर्घकालीन मालिका जुळविताना या जोडांची दखल न घेणारा आलेख पाहिला की, तो काढणाऱ्याने जिल्ह्याचा नकाशा उघडून पाहिला नाही हे समजावे.

याहून महत्त्वाचा आहे तो काळाचा प्रश्न, आणि येथे थोडे रेंगाळणे अवश्य आहे. आपल्याकडे वाहन-खरेदी ही महिन्यांनी चालत नाही, तिथींनी चालते. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळीचा पाडवा हे मुहूर्त, पितृपक्ष वर्ज्य. इंग्रजी महिन्यांत ही तिथी मागेपुढे सरकते. २०२२ साली दसरा ५ ऑक्टोबरला आणि दिवाळीचा पाडवा २६ ऑक्टोबरला होता, म्हणजे दोन्ही मुहूर्त एकाच महिन्यात पडले. २०२३ मध्ये दसरा २४ ऑक्टोबरला तर पाडवा १४ नोव्हेंबरला आला. या दोन ऑक्टोबरांची तुलना करून मागणी ‘घटली’ असे म्हणणे म्हणजे पंचांगाला मंदी समजणे होय. त्याचप्रमाणे अक्षय्य तृतीया २०२३ मध्ये २२ एप्रिलला आणि २०२४ मध्ये १० मे रोजी होती. एप्रिलचा एप्रिलशी मेळ घालून काढलेली टक्केवारी येथेही निरुपयोगी ठरते. निदान सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि मार्च ते मे असे दोन गट करून वर्षावर्षांची तुलना करावी, एवढा धडा तर प्रत्येक प्रबंधिकेने घ्यावयास हरकत नाही.

परंतु खानदेशाच्या बाबतीत मुहूर्तांचा प्रश्न केवळ तारखा सरकण्यापुरता नाही. आमच्या मते या प्रदेशातील दोन मोठ्या मुहूर्तांचा आर्थिक आशयच भिन्न आहे. अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी, येथे केवळ सण नव्हे. ती कृषिवर्षाची सीमारेषा आहे. सालदाराचे साल आखाजीला संपते आणि नवे ठरते. तोवर कापूस बहुधा विकून झालेला असतो, सोसायटीचे आणि दुकानदाराचे देणे भागलेले अथवा थकलेले असते, आणि हाती काय उरले याचा हिशेब शेतकऱ्यास ठाऊक असतो. दसऱ्याची गोष्ट निराळी. तेव्हा बागायती कापसाची पहिली वेचणी जेमतेम झालेली असते आणि कोरडवाहू कापूस तर अजून झाडावरच असतो. म्हणून आखाजीची खरेदी ही सरलेल्या हंगामाचा जमाखर्च सांगते आणि दसऱ्याची खरेदी येऊ घातलेल्या हंगामाच्या भरवशावर, बहुतांशी हप्त्याने, केली जाते. एक कमाईचे माप, दुसरे आशेचे. वार्षिक बेरजेत ही दोन्ही एकत्र मिसळली की, वाईट हंगामाच्या आरंभी केलेली आशावादी खरेदी चांगल्या उत्पन्नाच्या पुराव्यात जमा होते.

२०२१–२२ आणि २०२२–२३ ही दोन वर्षे या दृष्टीने शिकण्यासारखी आहेत. पहिल्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला. दुसऱ्या हंगामात मध्यम धाग्याची हमी किंमत ६,०८० रुपये आणि लांब धाग्याची ६,३८० रुपये होती आणि बाजारभाव तिच्याहून वर होता. तथापि आदल्या वर्षीचा भाव मनात धरून खानदेशातील असंख्य शेतकऱ्यांनी कापूस घरात भरून ठेवला आणि भाव मात्र परतला नाही. या परिस्थितीत २०२२ च्या दसऱ्याला घेतलेली मोटारसायकल कोणत्या वर्षाच्या उत्पन्नाची? मागल्या वर्षाच्या शिलकीची, की घरातल्या कापसाच्या कल्पित किमतीची? नोंदवही याचे उत्तर देत नाही. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन लागवडींमुळे पैसा वर्षभर थोडाथोडा येत राहतो, त्यामुळे तेथील खरेदी कापूसपट्ट्याहून कमी हंगामी असावी असे तर्काने वाटते. परंतु कार्यालयवार आकड्यांत रावेरचा बागायतदार आणि अमळनेरचा कोरडवाहू शेतकरी एकाच रांगेत उभे असतात. पत्त्यांनुसार तालुकावार फोड केल्याखेरीज हा तर्क पडताळता येणार नाही. एखाद्या विद्यार्थ्याने एवढे एकच काम नीट केले, तरी ते अनेक राष्ट्रीय आलेखांहून मोलाचे ठरेल.

पंचांगाप्रमाणेच शासन आणि न्यायालय हेही नोंदणीच्या आकड्यास पाहिजे तसे वाकवू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी, म्हणजे गुढीपाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिलपासून ‘भारत स्टेज तीन’ प्रतीच्या वाहनांच्या विक्रीस व नोंदणीस मनाई केली. त्या वेळी अशी सुमारे ८ लाख वाहने देशभर पडून होती आणि त्यांत दुचाकींचा भरणा मोठा होता. पुढील दोन दिवस जी सवलतीची लूट झाली, ती मागणीची तेजी नव्हती; नाशवंत ठरलेल्या मालाची ती निकड होती. २०२५ चे उदाहरण तर अभ्यासकास हतबुद्ध करणारे आहे. १५ ऑगस्टला वस्तु-सेवा कर कमी होणार असे सूतोवाच झाले, ३ सप्टेंबरला परिषदेने निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून ३५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकींवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर व ट्रॅक्टरवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मधल्या काळात ग्राहक थांबले हे खरे. पण त्याच काळात पितृपक्षही चालू होता आणि नवे दर लागू झाले तोच घटस्थापनेचा दिवस होता. खरेदी थांबली ती करासाठी की पितरांसाठी, आणि उसळली ती स्वस्ताईने की मुहूर्ताने, हे निव्वळ मासिक आकड्यांवरून वेगळे काढणे अशक्य आहे.

ही केवळ आपली अडचण नव्हे. ब्रिटनमध्ये वाहनाच्या क्रमांकपट्टीवरील कालदर्शक आकडा मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांत बदलतो, आणि त्यामुळे दरवर्षी त्या दोन महिन्यांत नोंदणीची लाट उसळते. सिंगापुरात १९९० पासून नव्या वाहनांचा कोटा शासन ठरविते. तेथील नोंदणीचा आकडा शासनाने किती परवाने दिले हे सांगतो, नागरिकांची ऐपत नव्हे. तेव्हा निरनिराळ्या देशांचे आकडे शेजारी मांडून अर्थव्यवस्थांची क्रमवारी लावणाऱ्या कोष्टकांकडे साशंकतेनेच पाहावे.

आता कर्जाकडे वळू. दुचाकीच्या नोंदणीपुस्तकावर वित्तसंस्थेचे नाव असणे हे आज इतके नित्याचे झाले आहे की, नोंदणीची चढउतार ही पुष्कळदा पतपुरवठ्याची चढउतार असते. २०१८ च्या सप्टेंबरात आय.एल.अँड एफ.एस. या संस्थेची देणी थकली, बिगर-बँक वित्तसंस्थांचे हात आखडले, आणि त्याच महिन्यापासून दुचाकीचा पाच वर्षांचा व मोटारीचा तीन वर्षांचा तृतीय-पक्ष विमा एकदम उतरविणे सक्तीचे झाले. त्यानंतरच्या वाहन-मंदीत लोकांच्या उत्पन्नाचा वाटा किती आणि या दोन कारणांचा किती, यावर अजूनही मतभेद आहेत. अर्थात हा निर्देशक नेहमीच खोटे बोलतो असे नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर डिसेंबरात दुचाकींची विक्री आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी घसरली. हा आकडा कारखान्यातून विक्रेत्याकडे गेलेल्या गाड्यांचा आहे, नोंदणीचा नव्हे, हे ध्यानात ठेवूनही ग्रामीण भागातील रोकड आटल्याचे त्याने तत्काळ आणि खरे सांगितले असे म्हटले पाहिजे. धक्का मोठा, अचानक आणि एकाच कारणाचा असला की, हे माप उपयोगी पडते. सामान्य काळातील दोन-चार टक्क्यांच्या हालचाली वाचण्याइतके ते सूक्ष्म नाही.

दुचाकीविषयी आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण त्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सहसा येत नाहीत. लग्नसराईत नोंदली जाणारी काही वाहने ही वराची मागणी पुरी करण्यासाठी वधूपित्याने घेतलेली असतात. १९६१ च्या कायद्याने हुंडा निषिद्ध ठरविला आहे. म्हणून ‘भेट’ हा शब्द योजला जातो. गाडी वराच्या गावी दिसते, कर्ज वधूच्या गावी राहते, आणि आपला आलेख त्यास ग्रामीण उपभोगाची वाढ म्हणतो. दुसरी गोष्ट अशी की, वाहन हे कधी सुबत्तेचे तर कधी उणिवेचे लक्षण असते. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपामुळे खेड्यापाड्यांची बस बंद पडली. पाचोरा–जामनेर ही ‘पीजे’ आगगाडी २०२० पासून बंद झाली. ज्याला रोज तालुक्याच्या गावी मजुरीस, दवाखान्यास वा महाविद्यालयास जावयाचे आहे, त्याने अशा वेळी हप्त्याने घेतलेली मोटारसायकल ही त्याच्या मिळकतीत पडलेली भर नसून त्याच्या खर्चात पडलेली भर आहे. धनंजयराव गाडगीळ आणि गोगटे यांनी १९३५ साली मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटार-बस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा जिल्ह्यातील वाहतूक हा स्वतंत्र पाहणीचा विषय मानला गेला होता. आज नोंदणीचा आकडा फुकट मिळतो म्हणून पाहणी नकोशी झाली आहे, ही प्रगती म्हणता येणार नाही.

येथवरचे दोष कसोशीने दुरुस्त करता येण्यासारखे आहेत. मालवाहतुकीच्या वाहनांबाबत मात्र अडचण मुळातली आहे. अर्थव्यवहाराशी खरे नाते याच वाहनांचे. २०११–१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या मालिकेत त्रैमासिक अंदाजांसाठी व्यापारी वाहनांची विक्री हे एक साधन म्हणून वापरले जात असे, ते याच विचाराने. धुळे हे तर मालवाहतुकीचे नाकेच आहे. जुना मुंबई–आग्रा आणि जुना सुरत–नागपूर–कोलकाता हे दोन राष्ट्रीय महामार्ग येथे एकमेकांस छेदतात. पण या रस्त्यांवर अर्धा तास उभे राहून क्रमांकपट्ट्या वाचाव्यात : राजस्थान, हरियाणा, मध्यप्रदेश, गुजरात, आणि त्यांच्या जोडीला नागालँड. नागालँडच्या पासिंगचे ट्रक त्या राज्याचे दर्शनही न घेता देशभर फिरत असतात. कर व परवाना यांची सोय पाहून ती नोंदणी झालेली असते. खाजगी आराम-बसगाड्यांचीही तीच कथा. सावद्याच्या केळीचे घड उत्तरेस नेणारा ट्रक बहुधा परप्रांतीय असतो. म्हणजे जळगावच्या केळीचे उत्पादन वाढले तर त्याचा परिणाम उत्तरेकडील एखाद्या जिल्ह्याच्या ट्रक-नोंदणीत उमटेल, एमएच १९ मध्ये त्याचा मागमूसही नसेल. स्थानिक नोंदणीत उरतात ती मुख्यतः पिकअप आणि ‘छोटा हत्ती’ अशी लहान वाहने. शेतातून बाजारापर्यंतच्या मालाचे अनुमान त्यांवरून काही अंशी करता येईल, बाजारातून पुढे जाणाऱ्या मालाचे नाही.

शिवाय ट्रकची संख्या म्हणजे वाहतुकीची क्षमता नव्हे. जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने आसभाराची मर्यादा वाढविली. तीन आसांच्या ट्रकचे भरलेले वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. रिकाम्या गाडीचे वजन ९ टन धरले तर माल १६ टनांऐवजी १९.५ टन भरता येऊ लागला, म्हणजे पूर्वी सहा गाड्या लागत तेथे पाच पुरू लागल्या. नव्या ट्रकची मागणी घटावयास हे एकच कारण पुरेसे होते, आणि ते क्षमता वाढल्याचे कारण होते.

ट्रॅक्टरचे थोडक्यात सांगतो. शेतीच्या नावाने नोंदलेला ट्रॅक्टर गिरणेच्या वाळूत, वीटभट्टीवर किंवा रस्त्याच्या कामावर किती दिवस राबतो, हे गिरणाकाठच्या कोणासही विचारावे. त्याची नोंदणी ग्रामीण भांडवल-गुंतवणुकीची खूण अवश्य आहे. तिला कृषि-उत्पन्नाची खूण मानण्याची घाई करू नये. ताशी २५ किलोमीटरच्या आतील वेगाच्या आणि अल्पशक्तीच्या विजेवरील दुचाकींना तर नोंदणीच लागत नाही. आणि ग्रामीण कुटुंबाची पहिली मोटारसायकल पुष्कळदा जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली असते. ती हस्तांतरणाच्या नोंदीत सापडेल, नव्या नोंदणीत सापडणार नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील २१ टक्के कुटुंबांकडे दुचाकी होती. पुढील जनगणनेत ही संख्या कितीही वाढली, तरी त्या वाढीतील नव्या-जुन्याचे प्रमाण नोंदणीच्या मालिकेवरून काढता येणार नाही.

मग ही नोंदवही टाकून द्यावी काय? नाही. तिची फक्त दुसरी पानेही उघडावीत. ज्या कार्यालयात नवी नोंदणी होते त्याच कार्यालयात नमुना ३५ वर कर्जाचा बोजा उतरविल्याची नोंद होते, आणि कर्जदाराने हप्ते थकविले म्हणजे कलम ५१ अन्वये नमुना ३६ वर वाहन वित्तसंस्थेच्या नावे केले जाते. नवी नोंदणी हे ऋण घेतल्याचे वर्ष सांगते. बोजा उतरल्याची नोंद ते ऋण फिटल्याचे वर्ष सांगते. ज्या वर्षी पहिली संख्या वाढते आणि तीन-चार वर्षांनी दुसरी तिच्या मागोमाग वाढत नाही, त्या वर्षीच्या खरेदीला सुबत्ता म्हणण्यापूर्वी थांबावे. अर्थात ओढून नेलेली प्रत्येक गाडी नमुना ३६ मध्ये उमटत नाही. कर्ज देतानाच हस्तांतरणाच्या कोऱ्या अर्जांवर सह्या घेऊन ठेवण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे. आणि कर्ज फिटूनही बोजा उतरविण्याचा कंटाळा करणारे, गाडी विकण्याची वेळ येईपर्यंत ‘एचपी’ तशीच ठेवणारे मालकही कमी नाहीत. तरीही नव्या नोंदणीच्या एकट्या आकड्यापेक्षा या तीन नोंदींचा संच अधिक बोलका होईल.

मालवाहतुकीसाठी मात्र नोंदवहीबाहेर जावे लागेल. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल आवश्यक झाले आणि फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील पथकर फास्टॅगद्वारे देणे सक्तीचे झाले. ट्रक कोठे नोंदला आहे याच्याशी या दोन्ही साधनांना कर्तव्य नाही. लळिंग किंवा सोनगीरच्या टोलनाक्यावरून जो गेला तो मोजला गेला. जळगावच्या डाळी, पाइप आणि चटया, धुळ्याकडील कापड यांचा माग या मार्गाने बराचसा लागू शकेल. केळीचा मात्र नाही. ताजी फळे करमुक्त असल्याने त्यांस ई-वे बिल लागत नाही, आणि रावेर-सावद्याहून उत्तरेस निघालेला ट्रक अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याने बऱ्हाणपूरकडे वळला की लळिंग किंवा सोनगीरचा नाका त्याच्या वाटेत येतच नाही. त्यासाठी सावद्याच्या आणि रावेरच्या भरणीच्या जागी वही-पेन्सिल घेऊन उभे राहावे लागेल.